काठावरच्या बाई

मधल्या सुट्टीत डबा उघडून शहनाजने पहिला घास मोडला आणि सवयीने डाव्या हाताने मोबाइल जवळ ओढला, तेव्हा पडद्यावर ते वाक्य होतं. ‘बाई, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का?’ एवढंच. विचारणाऱ्याचा फोटो नव्हता. फोटोच्या जागी राखाडी गोल, नावाच्या जागी कसलीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. प्रश्नात राग नव्हता, टोमणाही दिसत नव्हता. रस्त्यात थांबवून कुणी वेळ विचारावी तसा तो विचारलेला होता. तरी घास तिच्या बोटांत तसाच राहिला. शेजारी हेतल बसली होती. ती गणित शिकवायची आणि दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावण्यात तिला काही गैर वाटत नसे. तिने मान वाकडी करून प्रश्न वाचला आणि हसली. म्हणाली, आता काय सांगणार, जलतरण मंडळाच्या प्रमुख बाई? शहनाजही हसली. हसताना तिला तळपायाखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. परतणारी लाट टाचेखालची वाळू घेऊन जाते आणि उभं असलेलं माणूस उभ्या उभ्याच किंचित खाली जातं, तसं. तिने मोबाइल पालथा घातला आणि डबा बंद केला. बाहेर घंटा व्हायला अजून वेळ होता.

नववी ब मध्ये ती मराठीचा धडा उघडून उभी राहिली आणि नेहमीप्रमाणे तिची नजर खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे गेली. तिथे आता दुसरी मुलगी बसत होती, पण शहनाजच्या डोळ्यांना ते अजून पटलेलं नव्हतं. ती शकूची जागा. मागच्या पावसाळ्यात शकू काकीबरोबर खाडीच्या तोंडाशी खडकाला चिकटलेले कालवांचे शिंपले फोडायला गेली आणि भरतीने मागची वाट कधी बंद केली ते दोघींना कळलं नाही. काकी उंच होती, ती खडकाला धरून राहिली. तिने लुगड्याचा पदर सोडून शकूकडे फेकला, तो ओला होऊन मध्येच पडला. काठावर बायका होत्या, जाळी सोडवणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या, सगळा जन्म पाण्याशेजारी गेलेल्या. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. पुरुष बोटींवर होते. शहनाज हे नंतर ऐकत गेली, एकेकीकडून, आणि प्रत्येकीने सांगताना तोच एक हात पुढे केला, पदर फेकल्यासारखा. शाळेने शोकसभा घेतली, शकूचा फोटो फलकावर लावला, आणि आठवड्याभराने तिथे चित्रकला परीक्षेची सूचना आली. त्या दिवशी शहनाज मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली की मुलींना पोहायला शिकवायचं मंडळ काढू या. रामचंद्र सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला, शिकवणार कोण ते विचारलं. केसर मॅडम शिकवतील, ती म्हणाली. केसर शाळेत खेळाच्या शिक्षिका, कोळीवाड्यातल्या, विद्यापीठाच्या स्पर्धांत पोहलेल्या. बाकी सगळी व्यवस्था मी बघेन, शहनाज म्हणाली. सरांनी परवानगी दिली, पण अट घातली. वर्षअखेरीपर्यंत एक वर्ग भरेल इतक्या मुली आल्या नाहीत तर मंडळ बंद.

मुली आल्या त्या मोजक्या. गावतळ्याच्या पायऱ्यांवर रविवारी सकाळी त्या पाठीला रिकामे कॅन बांधून रांगेत बसत, आणि तळ्यापलीकडच्या रस्त्यावरून जाणारी माणसं सायकल थांबवून बघत. घराघरांत जाऊन शहनाज दमली. चहा मिळायचा, हो मिळायचं, मुलगी मिळायची नाही. मग तिने मंडळाच्या नावाने ट्विटरवर खातं उघडलं. त्या जागेचं नाव केव्हाच बदललं होतं, पण शिक्षकांच्या खोलीत अजून सगळे ट्विटरच म्हणत. हेतलने तेव्हाच सांगितलं होतं की आपल्या मुलींच्या आया तिथे नसतात, त्या व्हॉट्सअॅपवर असतात, तू भिंतीशी बोलणार आहेस. शहनाजला ते माहीत होतं. तरी भिंतीशी बोलण्यात तिला आराम वाटला. पालकांना दिलेल्या शब्दाप्रमाणे कुठल्याही मुलीचा चेहरा ती टाकायची नाही. पायरीवरच्या चपला, ओल्या वेण्यांची टोकं, पाण्यावर पसरलेले तळहात एवढेच फोटो, आणि खाली मोजक्या अक्षरांत मावेल ते. ‘पाण्यात पाय सोडून बसलं की सुरुवात झाली.’ ‘आज आठवीतल्या एकीने डोळे उघडे ठेवून डुबकी मारली. काय दिसलं विचारलं तर म्हणाली, हिरवं.’ ‘पाण्याला घाबरू नका, ते तुम्हाला ओळखत नाही, ओळख करून घ्या.’ हे शेवटचं तिचं तिलाच फार आवडलं होतं. ते लिहिताना ती तळ्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, कोरड्या पायरीवर, छत्री उघडून बसली होती.

दोन दिवस तिने उत्तर दिलं नाही, आणि त्या दोन दिवसांत प्रश्नाखाली प्रश्न वाढत गेले. अलिबागच्या कुणा वकिलाने लिहिलं की विचारण्यासारखा मुद्दा आहे. कुणी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, काठावरच्या बाई, आणि ते नाव लोकांना आवडलं. रामचंद्र सरांपर्यंत ते गेलं. त्यांनी तिला बोलावून समजुतीने सांगितलं की अशा लोकांच्या नादी लागायचं नसतं, एक तर सगळं पुसून टाका, नाही तर हो म्हणा, तपासायला कोण येणार आहे? ती हो सर म्हणाली आणि बाहेर आली. व्हरांड्यातून चालताना तिने मनातल्या मनात ‘हो’ लिहून पाहिलं. एकच अक्षर. किती सोपं. पण ते लिहून ती रविवारी कुठल्या पायरीवर बसणार होती?

शनिवारी नुरुद्दीन घरी आला. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात पर्यवेक्षक होता, आठवडाभर तिकडे राहायचा आणि आला की प्रथम पंख्याखाली डोळे मिटून बसायचा. तिने त्याला मोबाइल दाखवला. त्याने वाचलं आणि म्हणाला, त्यात काय, येत नाही तर येत नाही, पुढे जा. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपली बायको वाळूवर कधी घोट्याच्या वर भिजलेली नाही हे बहुधा त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं. ती गॅलरीत गेली. खाली बाजारातून परतणारी माणसं होती, रिक्षा होत्या, आणि तिला मात्र रेवसचा धक्का दिसत होता. अब्बा लाँचवर तिकिटं फाडायचे. सुट्टीत ते तिला आणि थोरल्या अरमानभाईला धक्क्यावर घेऊन जात. एका दुपारी त्यांनी अरमानभाईच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि त्याला सरळ पाण्यात टाकलं. तो ओरडला, त्याने गटांगळ्या खाल्ल्या, शिव्या दिल्या, आणि संध्याकाळपर्यंत तो पोहायला लागला. तेवढा वेळ ती धक्क्यावर त्याचे कपडे छातीशी धरून उभी होती. आता माझी पाळी, असं ती म्हणाली होती का? म्हणाली असावी, कारण अब्बांचं हसणं तिला आठवत होतं. तू काय करणार पोहून, कपडे सांभाळ. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं होतं. परत जाताना लाँच आणि धक्का यांच्यामधल्या फटीत तिचा पाय सटकला. खलाशाने मनगट पकडून तिला वर ओढलं, पण त्याआधी ती लोंबकळली होती, आणि खाली काळं पाणी दगडावर चपचप आपटत होतं, जिभेने चाटल्यासारखं. घरी कुणी त्याबद्दल बोललं नाही. ती पाण्याला भीत होती असंही म्हणता आलं नसतं. भ्यायला तरी जवळ जावं लागतं. ती फक्त दूर राहिली, नीट, सभ्यपणे, इतकी वर्षं, आणि कुणीच तिला विचारलं नाही. आता कुणीतरी विचारलं होतं.

तिथेच उभं राहून तिने उत्तर लिहिलं. ‘नाही. मला पोहता येत नाही. उद्या सकाळी शिकायला सुरुवात करते.’ पाठवलं आणि आत येऊन नुरुद्दीनला चहा केला. चहा होईपर्यंत राखाडी गोलाचं उत्तर आलं होतं. ‘मलाही येत नाही. म्हणून विचारलं.’

खरं बोलल्यावर गोष्टी सोप्या होतात अशी तिची समजूत होती, ती रविवारी सकाळीच गेली. तळ्यावर निम्म्याच मुली होत्या. बाकीच्यांच्या घरी ते उत्तर कुणीतरी वाचून दाखवलं होतं. चंद्राबाई, एका मुलीची आई, बाजाराला जाता जाता मुद्दाम तळ्याकडे वळली आणि डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच बोलली. “बाय, राग मानू नको. पन तुलाच येत न्हाय तं आमच्या पोरींना बुडताना कोन काडील? एक गेली, तेवडी पुरे.” केसर मॅडम काढतील हे ती सांगू शकत होती, ते खरंही होतं, पण चंद्राबाईने केसरबद्दल विचारलं नव्हतं. ती म्हणाली, तुमचं बरोबर आहे, आणि छत्री मिटून पायरीवर ठेवली.

पहिल्या पायरीचं पाणी कोमट होतं, दुसरीचं थंड, आणि तिसऱ्या पायरीला शेवाळ होतं. ओढणी तिने कमरेला घट्ट बांधली होती, डोक्याला रुमाल. सलवारीत हवा शिरून ती फुगली आणि मुली हसल्या, मग बाई काय म्हणतील म्हणून गप्प झाल्या. केसर पुढे पाण्यात उभी होती, दोन्ही हात पसरून. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा शहनाजचा श्वास आखूड झाला. हृदय नुसतं जोरात चालत नव्हतं, ते जागा बदलत होतं, कधी गळ्यात, कधी कानात. केसर म्हणाली, पाठीवर झोपा, मी खाली हात धरलाय. वाक्य कळत होतं. शरीर मात्र ते वाक्य ऐकायला तयार नव्हतं. मान लाकडासारखी झाली, पाय तळ शोधत राहिले, आणि पाणी कानात शिरलं तसं सगळं जग एकदम गप्प झालं आणि त्या गप्पपणात ते चपचप चाटणं आलं, दगडावरचं. ती उठली, ठसकली, केसरचा खांदा तिने नखं रुतेपर्यंत धरला. शहनाजला वाटलं आता बाहेर जावं, उद्या यावं, उद्या नक्की. आणि मग तिला कळलं की हे उद्या तिला फार जुनं ओळखीचं आहे. “पुन्हा,” ती म्हणाली. पुन्हा तेच झालं. त्या सकाळी ती एकदाही तरंगली नाही. पण पुन्हा हा शब्द तिने इतक्या वेळा म्हटला की शेवटी मुलीच तिच्याआधी म्हणायला लागल्या.

निघताना तिने केसरला विचारलं, माझा एक फोटो काढलास का? केसरने पायरीवरच्या एका मुलीकडून काढून घेतला होता. पाण्याबाहेर फक्त डोकं, रुमाल एका कानावर सरकलेला, तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले. असा फोटो माणूस स्वतःलाही दाखवत नाही. शहनाजने तो मंडळाच्या खात्यावर टाकला. तिथे टाकलेला तो पहिला चेहरा. खाली लिहिलं, ‘आज मी बुडाले नाही. तरंगलेही नाही. उद्या पुन्हा.’ आणि दुसऱ्या दिवशी शाळेआधी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही, आणि रोज जे झालं ते लिहीत गेली. पाणी नाकात गेलं. शिंका आल्या. मान सैल झाली, थोडी. आधीची सुंदर वाक्यं तिला आता सुचत नव्हती आणि हवीही नव्हती. हसणारे हसत होते. पण हळूहळू दुसरीच माणसं तिथे जमायला लागली. दोहाहून एकाने लिहिलं की हे आमच्या गावचं तळं आहे, त्या डाव्या पायरीवरून मी उडी मारायचो. दीपेश नावाच्या एकाने आखातातल्या कुठल्याशा बंदरावरून लिहिलं, ‘घरात दोन बोटी आहेत. बायको आणि मुलगी, दोघींना पोहता येत नाही. हे मला आज तुमचा फोटो बघून लक्षात आलं.’ लिहून तो तेवढ्यावर थांबला नाही, त्याने घरी फोन केला. पुढच्या रविवारी त्याची मुलगी कॅन घेऊन तळ्यावर हजर होती. आया तिथे नव्हत्या हे हेतलचं म्हणणं खरंच होतं. पण बाप होते, भाऊ होते, दूर कामाला गेलेले, संध्याकाळी खोलीवर पडून गावाकडचं काही दिसतंय का ते चाळणारे, आणि त्यांचे फोन त्या आयांनाच येत होते. शब्द गावातून निघून समुद्र ओलांडून पुन्हा गावात येत होता, आणि घरोघर जाऊन शहनाजला जे जमलं नव्हतं ते करत होता.

राखाडी गोल आला तो पायी आला. बुरख्यातली एक बाई सातवीतल्या अनमचा हात धरून तळ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, मी काशिफा, हिची आई, मुलाच्या जुन्या फोनवरून मीच तुम्हाला विचारलं होतं. अनम कधीची मागे लागली होती. काशिफाला हो म्हणायचं होतं, पण ज्या बाईच्या भरवशावर मुलगी सोडायची तिला भीती म्हणजे काय ते माहीत आहे की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. “माझी भीती मला ठाऊक हाय,” ती म्हणाली. “भीती नसलेल्या मान्साजवळ पोर देताना जास्त भ्याव वाटतं.” ती स्वतः पाण्यात उतरणार नव्हती, तसं तिने लगेच सांगून टाकलं. ती पायरीवर बसली, मुलींचे टॉवेल मांडीवर घेऊन. शहनाजने त्या टॉवेलांकडे बघितलं, तिला धक्क्यावर छातीशी धरलेले अरमानभाईचे कपडे आठवले आणि तिच्या तोंडापर्यंत काहीतरी आलं, पण तिने ते तिथेच ठेवलं. दुसऱ्या महिन्यात काशिफा गुडघ्यापर्यंत पाण्यात बसून टॉवेल सांभाळत होती आणि टॉवेल भिजत होते.

रामचंद्र सरांनी बोलावलं ते मुली कमी आहेत म्हणून नाही, मुलींचा आता वर्ग भरत होता. प्रश्न फोटोचा होता. संस्थेतल्या कुणीतरी म्हटलं होतं की शिक्षिकेने असा ओला फोटो, तोंड वासलेला, शाळेच्या नावाखाली टाकावा हे शोभत नाही. सरांनी शोभत नाही हा शब्द उच्चारताना मान खाली घातली, म्हणजे तो त्यांचा नव्हता. मंडळ चालू राहील, ते म्हणाले, तेवढा फोटो काढून टाका. शहनाजने आधी ठरवलं होतं की वाद घालायचा नाही. तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं, तो इतका शांत होता.

“सर, शकू गेली तेव्हा तिचा फोटो आपण फलकावर लावला होता. तो कुणाला अशोभनीय वाटला नाही.”

सरांनी चष्मा काढून हातात धरला.

“माझा फोटो राहील,” ती म्हणाली. “मी जिवंत आहे त्यात.”

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी विचारलं की तळ्यावर दोर आहे का, ट्यूब किती आहेत, पालकांच्या संमत्या घेतल्या का. सगळं आहे, ती म्हणाली. ते म्हणाले, मग ठीक आहे, आणि तिला जाताना थांबवून, दाराकडे न बघता, विचारलं की मोठ्या माणसांना शिकायला फार जड जातं का. ती म्हणाली, जातं सर, या कधीतरी. ते हसले नाहीत, आणि आलेही नाहीत, पण फोटोबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

ती तरंगली तो दिवस खास नव्हता. केसरने हात काढून घेतल्याचं तिला कळलंच नाही. कानात पाणी होतं, वर आंब्याच्या फांद्या होत्या, आणि कानातली शांतता नुसती शांतता होती. मग हात, मग पाय, मग श्वास, आणि होळीच्या सुमाराला ती तळ्याची रुंदी न थांबता पार करायला लागली, बेढब, खूप पाणी उडवत. तेव्हा तिने केसरला सांगितलं की आता खाडी. कशाला, केसरने विचारलं. शहनाज म्हणाली, आपल्या मुली तळ्यात बुडत नाहीत. मोठ्या मुलींना खाडीत उतरवायचं तर आधी मी उतरणार.

भरती पुरी भरून पाणी काही वेळ जागच्या जागी उभं राहतं, ना आत जात ना बाहेर, ती वेळ केसरने धरली. तिचा भाऊ विनेश होडी घेऊन आला, होडीत दोर आणि ट्यूब. खाडीच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर मुली, काशिफा, अनम, आणि थोडं लांब पाटी बाजूला ठेवून बसलेली चंद्राबाई. होडी आत गेली. केसरने पुन्हा एकदा बजावलं, धक्क्याकडे पोहायचं, होडी मागेच असेल, दमलात किंवा काही झालं तर हात उंच करा, आम्ही लगेच घेऊ, आणि काही झालं नसेल तर हात उंच करू नका. शहनाज होडीच्या कडेवरून खाली सरकली. पाणी खारट होतं, तळ्यापेक्षा जड, आणि खाली काहीच नव्हतं. पायांनी एकदा तळ शोधला, मग शोधणं सोडलं. तिने कड सोडली. पहिले काही हात चुकले, तोंडात खारं पाणी गेलं, ते तिने थुंकलं. मग श्वासाला जागा सापडली. एवढ्या खालून तिने धक्का कधी बघितला नव्हता. तो मोठा दिसत होता आणि त्यावरची माणसं बारीक. कुणीतरी ओरडलं, बाई, आणि मग सगळ्या ओरडायला लागल्या, अनम उड्या मारत दोन्ही हात हलवत होती, काशिफाही, आणि चंद्राबाई उभी राहिली होती. शहनाजला त्यांना हात करावासा वाटला, फार वाटलं. पण इथे उंच केलेल्या हाताचा अर्थ वेगळा होता. तिने तो हात पुढे टाकला, पाण्यात, आणि मग दुसरा.